चड्डी बदलतानाचं रडणं

लांज्याकडची एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एसटीनं रत्नागिरीला आली होती. मुलाला सेरेब्रल पाल्सी. मान धरत नाही, बोलत नाही. ‘‘चड्डी बदलायला पाय फाकवले की किंचाळतो. गणपतीपर्यंत असं नव्हतं हो,’’ एवढंच ती सांगत होती. दवाखान्यातून उत्तर आलं, ‘‘या मुलांचं असंच असतं. त्याला कुठे काय कळतंय?’’ बाकावर शेजारीच मी होतो.

मेंदूला इजा झाली म्हणजे वेदनाही बोथट झाली, हा समज जुना आहे. तान्ह्या बाळांबद्दलही तो होता. पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायच्या. १९८७ साली कंवलजीत आनंद आणि हिकी या डॉक्टरांनी त्या समजाला पुराव्यानिशी सुरुंग लावला. वेदनाअभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली व्याख्या सुधारताना स्पष्ट लिहिलं, की सांगता येत नाही म्हणून दुखत नाही असं मानू नये. आणि या मुलांना दुखायला निमित्तं थोडी का आहेत? ताठलेले स्नायू, बद्धकोष्ठ, छातीतली जळजळ, किडलेली दाढ. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तिघांतल्या एका मुलाचा खुबा जागेवरून सरकू लागतो. न चालणाऱ्यांत हे प्रमाण बरंच जास्त. पाय फाकवताना मूल किंचाळतंय, तर आधी खुब्याचा एक्स-रे काढायला हवा. ‘असंच असतं’ हे काही निदान झालं नाही.

‘मोजणार कसं?’ असं विचारणाऱ्यांच्या हाती ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी असते. चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. पट्टी चांगली आहे, पण या मुलाचे पाय बऱ्या दिवशीही ताठच असतात, चेहरा ओढलेलाच असतो. न दुखताही गुण चढतात. काही मुलं दुखताना उलट गप्प, दगडासारखी होतात; त्यांचे गुण शून्याकडे घसरतात. म्हणूनच २००६ च्या सुधारित पट्टीत पालकांनी मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहायची सोय आली. न बोलणाऱ्या मुलांसाठीची तीस खुणांची दुसरी एक यादी आहे, ती दोन तास निरखून भरायची असते. आपल्याकडच्या ओपीडीत दोन तास कोण देणार? ते आईकडेच असतात.

‘आईला सगळीकडे दुखणंच दिसतं,’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. घाबरलेली आई जास्त सांगते. वर्षानुवर्षं तेच पाहून सरावलेली कमीही सांगते. पण त्यावर तिला गप्प करणं हा उपाय कसा? मूल बरं असतानाचा कागद आधी लिहून घ्यावा, दुखतानाचा त्याच्याशी ताडावा, औषधानंतर त्याच खुणा पुन्हा पाहाव्यात.

त्या दिवशी बाकावर आम्ही तिकिटाच्या पाठीवर लिहायला घेतलं. बरा असताना: पेजेची वाटी संपवतो, गाडीचा हॉर्न ऐकला की हसतो. दुखत असताना: पेज ओठातून बाहेर येते, वरच्या ओठावर घाम, डोळे वाशांकडे. ती लिहिता लिहिता थांबली, म्हणाली, ‘‘हॉर्न वाजला तरी हसत नाही, ते घालू?’’