दोन सूर्य म्हणजे वाताहत नव्हे

मे महिन्याच्या अखेरीस, रात्री अकराच्या सुमाराला मोखाड्याच्या सूर्यमाळ पठारावर उभे राहावे. आकाश निवळ असेल तर दक्षिण क्षितिजापासून जेमतेम 9 अंश वर ‘मित्र’ तारा दिसतो. आपल्याला सर्वांत जवळची ही तारकाप्रणाली. तिथे पृथ्वीसारखा ग्रह असेल का, असे कुणी विचारले की उत्तर ठरलेले : छे! तिथे दोन सूर्य. त्यांच्या ओढाताणीत ग्रह कधीच भिरकावला गेला असणार.

आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्यात तारे मोजले, अंतर मोजायचे राहिले. मित्र अ आणि मित्र ब सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती फेरी घालतात. अगदी जवळ आले तरी त्यांच्यात पृथ्वी-सूर्य अंतराच्या 11 पट अंतर उरते. पाणी द्रवरूप राहील असा जीवयोग्य पट्टा मित्र अ पासून साधारण सव्वा पटीवर. पॉल विगर्ट आणि मॅथ्यू होल्मन यांनी 1997 मध्ये संगणकावर हिशोब मांडला : ताऱ्यांच्याच प्रतलात फिरणारा ग्रह सुमारे 3 पटींपर्यंत टिकतो. कक्षा त्या प्रतलाशी काटकोनाकडे झुकली, तर मात्र दुसरा तारा ती ताणून लांबट करतो आणि ग्रह हातचा जातो. तेव्हा दोष ताऱ्यांच्या संख्येचा नाही, कक्षेच्या कलाचा आहे.

दुसरा आक्षेप दाटीचा. ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याचे सातही ग्रह बुधाच्या कक्षेत मावतील इतके जवळजवळ. 2017 मधल्या पहिल्या आकड्यांवरून गणित केले, तर ही व्यवस्था 5 लाख वर्षांत मोडत होती. तारा तर अब्जावधी वर्षांचा! त्याच वर्षी डॅनियल तमायो आणि सहकाऱ्यांनी गाठ सोडवली. ग्रहांच्या फेऱ्या ठरावीक प्रमाणात बांधलेल्या आहेत; चौथ्याच्या 3 होईपर्यंत पाचव्याच्या 2. तारप्याच्या ठेक्यावर कमरेला हात घालून नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांवर पडत नाहीत, तसे हे. ही लय जमेस धरताच तीच व्यवस्था 5 कोटी वर्षांच्या गणितातही टिकली.

मग पट्ट्यात ग्रह सापडला की ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून मथळे द्यायला आपण मोकळे? तेही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये वेब दुर्बिणीला मित्र अ जवळ एक ठिपका दिसला. 2025 च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये तो दिसला नाही. तो शनीएवढा ग्रह असल्याचे सिद्ध झाले, तर त्याच्या लांबट कक्षेपुढे जीवयोग्य पट्ट्यातल्या पृथ्वीचा निभाव लागणे कठीण. ज्या दुसऱ्या सूर्याला आपण बोल लावत होतो तो निर्दोष, आणि घात घरातल्या थोरल्या भावाकडून!

आपल्या अंगणातही कायमची हमी नाही. पुढच्या 5 अब्ज वर्षांत बुधाची कक्षा बिघडण्याची शक्यता सुमारे 1 टक्का, असे जॅक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी 2009 मध्ये दाखवले आहे.

जीवयोग्य पट्टा फक्त ऊब किती ते सांगतो. ती ऊब अब्जावधी वर्षे पुरेल की नाही, हे शेजाऱ्यांचे वस्तुमान, अंतर, कल आणि लय ठरवतात. नव्या ग्रहाच्या बातमीत हे चार तपशील नसतील, तर ‘दुसरी पृथ्वी’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि ‘अशक्य’ म्हणणाऱ्यावरही नाही.