खारेपाटातल्या चिखलाचा हिशेब

हल्ली कांदळवनाविषयी बोलताना जो तो कर्ब साठविण्याचे कौतुक करतो. ते खोटे नाही. तिवराची पाने, मुळे चिखलात गाडली जातात. तेथे हवा पोचत नाही, म्हणून ती सहसा पुरती कुजत नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेन वायूही फारसा निघत नाही. पण बांधाच्या अलीकडच्या भातशेतीचा हिशेब कोण मांडतो? आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडिलांनी जन्मभर तुडविलेल्या चिखलाला पुस्तकात जागा असेल असे मला वाटलेच नव्हते.

पेण-अलिबागच्या खारेपाटात बांध घालून खाडी मागे सारली आणि शेते केली. भात हवेतला कर्ब घेते. दाणा आपण खातो, पेंढा गुरे खातात, धसकटे मातीत राहतात. पावसात शेतात गोडे पाणी तुंबले की मिथेन निघतो. कापणीनंतर जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते आणि साठलेला कर्ब वायू होऊन उडून जातो. ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर पडते, त्याबरोबर पाचोळा व विरघळलेला कर्ब खाडीत जातो. भरतीला झडप मिटते, त्यामुळे खाडीचा गाळ मात्र शेतात परतत नाही. ही देवाणघेवाण आपल्या बांधांनी एकतर्फी केली, हे आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी मान्य केले पाहिजे.

पण बांधाला खांड गेली की काय होते? खारे पाणी शिरते, भात जाते, काही वर्षांत तिवर माजते. कर्बाच्या वहीत ती जमा. आमच्या वहीत खर्च. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडण्यास बंदी आहे, मग जमीन कोणाचीही असो. निकाल योग्यच आहे असे माझे मत आहे. (घरी मात्र हे हळूच बोलावे लागते!) परंतु सातबारा शेतकऱ्याचा, झाडे कायद्याच्या रक्षणाखाली आणि खांड तशीच उघडी, हा कोणता न्याय? खारजमीन विकासाचा कायदा तर १९७९ पासून आहे.

कर्ब साठविल्याबद्दल उद्या पैसा येणार असेल, तर तो प्रथम ज्याचे शेत बुडाले त्याला मिळावा. आणि जेथे अजून तिवर उगवले नाही, तेथली खांड त्याच उन्हाळ्यात बांधावी. मे महिन्यात चिकणमाती हाताशी असते. जूनमध्ये तीच माती पाण्याबरोबर वाहून जाते.