स्वस्त तेलाचा न मांडलेला हिशेब

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळ यांच्या जोडीला एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या कढईत हे तेल येते ते स्वस्त म्हणून. त्याच्या किमतीत मजुरी, गाळपखर्च, जहाजभाडे आणि आयातशुल्क या सर्वांचा समावेश असतो. एका गोष्टीचा मात्र नसतो. ज्या जमिनीवर ते पिकते, तेथे पूर्वी उभ्या असलेल्या अरण्याचे मोल त्यात कोणीच धरलेले नसते.

तेलमाड हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतील वृक्ष. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. आज जगातील पामतेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पिकवतात. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर हा विस्तार झाला तो बऱ्याच अंशी सखल प्रदेशातील पर्जन्यवने तोडून. ओरांगउटानसारख्या प्राण्यांचा आसरा त्याबरोबर गेला. त्याहून गंभीर प्रकार दलदलीच्या जमिनींचा. हजारो वर्षे पाण्याखाली साचलेल्या वनस्पतींच्या अवशेषांनी बनलेल्या या जमिनी चर खोदून कोरड्या केल्या की त्या सरपणासारख्या पेट घेतात. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार त्या देशाचे सोळा अब्ज डॉलरचे नुकसान झाले. या साऱ्या आगींचे खापर एकट्या तेलमाडावर फोडता येणार नाही. पण त्याचा वाटा नाकारताही येणार नाही.

मग या तेलावर बहिष्कार घालावा काय? भावनेला पटणारा हा उपाय हिशेबाला टिकत नाही. तेलमाडाच्या एका हेक्टरातून वर्षाला तीन ते चार टन तेल मिळते. सोयाबीनच्या हेक्टरातून जेमतेम अर्धा टन. पामतेलाची जागा सोयाबीनने घ्यायची तर कितीतरी अधिक जमीन नांगराखाली आणावी लागेल, आणि सुमात्राचे अरण्य वाचवताना दक्षिण अमेरिकेतील अरण्यावर कुऱ्हाड पडेल. तेव्हा दोष पिकाचा नाही, ते कोठे लावले जाते याचा आहे.

हे ओळखून काही प्रयत्न झाले आहेत. २००४ मध्ये उत्पादक, व्यापारी आणि निसर्गसंरक्षक संस्था एकत्र आल्या आणि पुढे त्यांनी शाश्वत पामतेलासाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. २०१८ मध्ये तिचे नियम अधिक कडक झाले. इंडोनेशियाने २०११ मध्ये मूळ अरण्यात आणि दलदलीच्या जमिनीत नवे परवाने देणे थांबविले व २०१९ मध्ये ही बंदी कायम केली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीतून आलेल्या मालाला मज्जाव करणारा कायदा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली. तथापि प्रमाणपत्र मिळालेले तेल जगाच्या उत्पादनाच्या सुमारे एक-पंचमांश एवढेच आहे. अशा स्थितीत सोवळ्यातले तेल चोखंदळ गिऱ्हाइकाला आणि उरलेले इतरांना, अशी दोन बाजारांची वाटणी होते. अरण्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे.

येथे भारताची जबाबदारी सुरू होते. पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. जो सर्वाधिक विकत घेतो, त्याने काहीच विचारले नाही तर विक्रेत्याने तरी का सांगावे? प्रमाणित तेलावर आयातशुल्क थोडे कमी आणि अन्य तेलावर थोडे अधिक ठेवले, तर व्यापाऱ्याचा कल आपोआप बदलेल. यामुळे गरिबाचे तेल महागेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा भार डब्याच्या किमतीवर न टाकता सवलतीच्या रूपाने सरकारी तिजोरीने उचलावा, आणि आरंभ सरकारी खरेदीपासून व्हावा.

दुसरी दक्षता लहान शेतकऱ्याविषयी घ्यावी लागेल. इंडोनेशियातील लागवडीचा सुमारे ४० टक्के भाग त्याच्या हाती आहे. प्रमाणपत्राचा खर्च त्याला पेलत नाही आणि निकृष्ट रोपांमुळे त्याचे उत्पन्न मोठ्या मळ्यांपेक्षा कमी पडते. सुमारे पंचवीस वर्षांनी झाडे बदलावी लागतात. त्या वेळी त्याला चांगली रोपे आणि कर्ज मिळाले, तर आहे त्याच जमिनीतून अधिक तेल निघेल. तसे न करता नुसती बंधने लादली, तर अरण्यरक्षणाचा खर्च सर्वांत दुबळ्याच्या माथी बसेल.

आणि हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे तेलमाड अभियान मंजूर केले, ते ईशान्य भारत आणि अंदमानवर विशेष भर देऊन. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने स्वावलंबनाचा विचार करावा हे योग्यच. आंध्र आणि तेलंगणात हे पीक ओलिताच्या शेतात घेतले जाते. तेथे वाढीला हरकत नाही. परंतु ईशान्येच्या डोंगरांवरील वनांचा बळी देऊन परकीय चलन वाचवायचे, तर सुमात्राची चूक आपण आपल्या घरात करू.

तेल स्वस्त असावे, यात दुमत नाही. पण ज्या हिशेबात अरण्याचा रकाना कोराच ठेवलेला आहे, त्याच्या बेरजेला स्वस्ताई म्हणता येत नाही. ती उधारी असते, आणि ती फेडण्याची वेळ पुढच्या पिढीवर येते.