नवा ब्लॉक आणि पहाटेची लोकल

संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मुंबईत लोअर परळला एका कचेरीत नोकरी करतो. बिऱ्हाड लालबागला, आजोबांच्या वेळच्या दहा बाय बाराच्या खोलीत. आता विरार पूर्वेला नव्या इमारतीत एका बेडरूमचा ब्लॉक पाहिला आहे. गावची थोडी जागा विकून पैसे उभे करावेत काय, नातवंडांना मोकळी हवा मिळेल, तब्येती सुधारतील, असे त्यांचे म्हणणे. जमीन विकावी की राखावी हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु 'तब्येतीसाठी' हा शब्द त्यांनी पत्रात तीन वेळा वापरला आहे, म्हणून हा विषय या सदरात घेतो. आपल्या जिल्ह्यात असे एकही गाव नसेल, जिथल्या दोन-चार घरांत आज हीच चर्चा चालू नाही.

या पत्रातली एक गोष्ट मनाला लागली. या मुलाचे आजोबा गिरणीत होते. भोंगा झाला की चाळीतून निघायचे आणि चालत खात्यावर पोहोचायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू उसवत गेले. गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. नातू आज त्याच परिसरात नोकरी करतो, पण त्याने विरारला घर केले की रोज एका बाजूचा पन्नास किलोमीटरहून अधिक प्रवास त्याच्या नशिबी येणार. पगार वाढला, शिक्षण वाढले, खुर्ची आली, आणि कामाची जागा मात्र आजोबांपेक्षा इतकी लांब गेली.

आता नव्या घराच्या बाजूने जे खरे आहे ते आधी सांगतो. चाळीचे गुणगान करणाऱ्यांपैकी मी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात तेव्हा एकाचा खोकला सहांचा होतो. क्षयरोगाचा जंतू हवेतून पसरतो आणि त्याला कोंदट, अंधारी, गर्दीची जागा फार मानवते. घरात एक जण दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल आणि थुंकी तपासली नसेल, तर अशा खोलीत लहान मुलांना धोका असतो. सामाईक संडासाची रांग, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती, त्या बुरशीने बळावणारा दमा, गुडघे गेलेल्या आजीला रोज चढावा लागणारा लाकडी जिना हे सगळे आजारच आहेत. स्वतःचे न्हाणीघर आणि दार लावून झोपायला एक खोली मिळणे हा चैनीचा भाग नाही.

पण नवे घर म्हणजे हवेशीर घर असे समजू नका. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन इमारतींची पाहणी होऊन २०१८ साली तिचा अहवाल आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नव्हता, आणि अशा घरांत क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. त्या इमारती काही जुन्यापुराण्या नव्हत्या. म्हणून बिल्डरने नमुन्याचा ब्लॉक दाखवला तर फरशी आणि ओटा नंतर पाहा, आधी खिडकी उघडून पाहा. समोरची भिंत किती अंतरावर आहे? दोन बाजूंना खिडक्या आहेत की एकाच? शेजारच्या मोकळ्या जागेवर उद्या काय उठणार आहे? आणि नळाला पाणी येते की टँकरने? टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वसाहतीत पोटाच्या तक्रारी घेऊन येणारी मुले कमी नसतात.

आता प्रवास. घर घेताना लोक कर्ज, हप्ता, नोंदणीचा खर्च यांचा पै-पैचा हिशेब मांडतात, पण वेळेचा हिशेब मांडताना मात्र स्टेशन ते स्टेशन एवढेच मोजतात. दलालही तसेच सांगतो, "फास्ट पकडली की झाले!" फास्ट पकडण्याआधी घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, रिक्षाची रांग, पूल, फलाट, आणि चढता न आल्याने सोडलेल्या दोन गाड्या कोणी मोजायच्या? दारापासून दारापर्यंत मोजा. लालबागहून परळची कचेरी चालत अर्ध्या तासाच्या आत येते. विरारहून तीच दीड-पावणेदोन तास घेते. जाता-येता मिळून रोज दोन तास जास्त गेले असे समजू आणि वर्षाला कामाचे २८० दिवस धरू. हे झाले ५६० तास. आठ तासांच्या हिशेबाने सत्तर दिवसांची बिनपगारी नोकरी! कर्ज वीस वर्षांचे असेल, तर हा हप्ताही वीस वर्षांचा.

हे तास येतात कुठून? दिवस काही लांब होत नाही. आमच्या अनुभवात ते प्रथम झोपेतून जातात, मग व्यायामातून, मग मुलांच्या वाट्यातून. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी. पहाटे साडेचारला उठणारा आणि रात्री साडेदहाला जेवणारा माणूस पाच तासांवर येतो आणि 'सवय झाली' म्हणतो. सवय मनाला होते, रक्तदाबाला होत नाही. अपुऱ्या झोपेने रक्तदाब चढतो, साखर बिघडते, भूक वाढते आणि वजनही वाढते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाले की आम्लपित्त ठरलेलेच. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा आमच्या दवाखान्यात पस्तीस-चाळिशीची माणसे पाठ, मान आणि छातीतली जळजळ घेऊन येतात. सहज म्हणून रक्तदाब मोजावा तर काटा वर. गोळी लिहून देता येते, पण रोजचे तीन-चार तास काही चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत.

लोकलमधल्या गर्दीविषयी आपल्या वाचकांना मी काय सांगावे! रेल्वेच्या भाषेत तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे नाव आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे. आपल्या गोठ्यात कोणी अशी गुरे बांधली तर गाव त्याला नावे ठेवील. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यात किमान चार जणांचे प्राण गेले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, करोनाची वर्षे वगळली तर, वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यात रूळ ओलांडणारेही आले. २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल आली. तिची दारे बंद होतात हा मोठा फायदा, पण तिचा पास महाग असल्याने घराच्या हप्त्याखाली दबलेला माणूस बहुधा साध्या डब्यातच चढतो.

परदेशात या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रोज रेल्वेने जाणाऱ्यांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. प्रवास जितका लांब, तितके त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, अधिक आढळले. टेक्सासमध्ये चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कामाचे ठिकाण लांब असणाऱ्यांचा व्यायाम कमी, कमरेचा घेर जास्त, आणि रक्तदाबही जास्त असे तीत दिसले. तिथे माणसे स्वतःच्या मोटारीत बसून जातात हे लक्षात घ्या. झुरिकचे अर्थशास्त्रज्ञ फ्राय आणि स्टुट्झर यांनी जर्मनीतली माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घराने किंवा जास्त पगाराने व्हायला हवी, एरवी माणूस तो का पत्करील? प्रत्यक्षात ती भरपाई होत नव्हती, लांबून येणारे कमी समाधानी होते. माझे मत विचाराल तर कारण साधे आहे. नव्या फरशीची नवलाई सहा महिन्यांत ओसरते, पण आज गाडी लेट असेल का, आत शिरता येईल का, ही धाकधूक रोज सकाळी ताजी असते.

बायकांचा हिशेब वेगळा मांडायला हवा, आणि नेमका तोच कोणी मांडत नाही. नोकरी करणारी सून पहाटे चारला उठून डबे भरते, संध्याकाळी गाडीतच भाजी निवडते आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहते. लोकलमध्ये संडास नाही आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जाववत नाही, म्हणून ती घरातून निघण्यापूर्वी पाणीच पीत नाही. लघवी तुंबवून धरणे आणि पाणी न पिणे यातून मूत्रमार्गाचा दाह होतो, खडे होतात. घर पसंत करायला सासरे जातात, दीर जातो, मेहुणा जातो. माझे म्हणणे, निर्णयात पहिले मत तिचे घ्यावे. रोजची गाडी तिलाच पकडायची आहे.

मग करावे काय? पत्रलेखकांना माझा सल्ला असा. इसार देण्यापूर्वी मुलाने आणि सुनेने पंधरा दिवस त्या भागात कोणा नातेवाईकाकडे राहून तिथूनच नोकरीवर जावे-यावे. रविवारी दुपारी जागा पाहायला जाणे ही परीक्षा नव्हे, सोमवारी सकाळची आणि पावसाळ्यातली गाडी ही परीक्षा. दारापासून दारापर्यंत एक तासाच्या आत येणारे घर, मग ते लहान, जुने, भाड्याचे का असेना, मी पसंत करीन. दीड तासाच्या वर जात असेल तर मुले लहान असेपर्यंत तरी तिकडे जाऊ नये. भाड्यात पैसे फुकट जातात असे आपल्याकडे म्हणतात. ५६० तास फुकट जातात असे कोणी म्हणत नाही! लालबागची खोली अंधारी, ओलसर असेल तर ती सोडावीच, पण एका झेपेत विरार गाठण्याऐवजी मधल्या स्टेशनांवर भाड्याने दोन खोल्या मिळतात का ते आधी पाहावे. नोकरीच विरार-वसईकडे असेल, किंवा आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता येत असेल, तर माझे म्हणणे उलटे. मग खुशाल जावे.

गावच्या आईवडिलांना नव्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवण्याचा विचार असेल तर आणखी एक पाहावे. मुलगा-सून पहाटे बाहेर पडली की रात्रीपर्यंत म्हातारी माणसे सातव्या मजल्यावर बंद दाराआड एकटी असतात. लिफ्ट वीज गेल्यावर चालते का, हृदयविकाराच्या झटक्यात पोहोचता येईल असे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि दुपारी शेजारी कोण असते, हे फरशीच्या रंगाआधी विचारा.

ज्यांनी घर घेतले आहे आणि परतीची वाट नाही, त्यांनी निराश होऊ नये. कचेरीत साहेबाला विचारून वेळ तासभर पुढेमागे करून घ्या, गर्दी निम्म्याने टळते. जेवणाचे दोन भाग करा. संध्याकाळी निघण्यापूर्वी कचेरीतच पोळी-भाजी खा आणि रात्री घरी फक्त आमटी-भात किंवा ताक-भात घ्या. स्टेशन ते कचेरी शेअर टॅक्सी सोडून चाला, तेवढाच दिवसाचा व्यायाम. बायकांनी कचेरीत पोहोचताच दोन पेले पाणी प्यावे आणि निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. जळजळ, वारंवार लघवी, ताप किंवा कंबरेत कळ असेल तर आठवडाभर अंगावर काढू नये. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. रक्तदाब मोजताना पाच मिनिटे स्वस्थ बसावे, धावतपळत आल्या आल्या मोजला तर तो जास्तच भरतो. गणपतीला गावी याल तेव्हा मोजून घेतला तरी चालेल, फक्त रात्रभर एसटीत बसून आलेल्या सकाळी नको, दोन दिवस झोप झाल्यावर या.