नाबोथाचा द्राक्षमळा आणि सिंगरौलीचा कोळसा

वाचन: 1 राजे, अध्याय 21



नाबोथाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. अहाब राजाला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने आरंभी जबरदस्ती केली नाही. याहून चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो, असेच तो म्हणाला. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मग ईजबेलेने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार झाली. कागदावर पाहाल तर सगळे रीतसर होते. पत्र होते, मोहोर होती, सभा होती, साक्षही होती.

हा अध्याय आज पुन्हा उघडण्याचे कारण आपल्याच राज्यात आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाने सिंगरौली जिल्ह्यातील धिरौली खाण सुरू करायला परवानगी दिली. खाण अदानी समूहाची आहे. पूर्ण क्षमतेने चालली की तिच्यातून वर्षाला 65 लाख टन कोळसा निघेल. त्यासाठी सुमारे 1,400 हेक्टर वनजमीन जाणार आहे. साल, मोह आणि तेंदूचे हे जंगल आहे. फुले आणि पाने वेचून आदिवासी कुटुंबे वर्षाची मीठमिरची भागवतात.

त्यांनाही अहाबाचाच देकार आहे: पैसे घ्या, आणि बदल्यात दुसरीकडे झाडे लावू. पण शंभर वर्षांचा साल रोपवाटिकेच्या पिशवीतून येत नाही. आणि दूरच्या जिल्ह्यात लावलेल्या रोपाखाली इथली बाई मोहफुले कशी वेचणार?

कोणी म्हणेल, परवानग्या तर कायद्यानेच मिळाल्या आहेत. कोणावर खुनाचा आरोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण मोहोर आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिंगरौलीला कोणी शिकवायला नको. याच जिल्ह्यात महान कोळसा खाणीसाठी 2013 मध्ये अमिलिया गावच्या ग्रामसभेचा संमतीचा ठराव पुढे आला. त्यावर हजाराहून अधिक सह्या होत्या. गावकऱ्यांनी सांगितले की सभेला एवढी माणसे आलीच नव्हती, आणि सह्यांमध्ये मेलेल्या माणसांचीही नावे आहेत. ते लढत राहिले आणि 2015 मध्ये सरकारने महानचा लिलाव करायचा नाही असे ठरवले. गरीब माणूस उभा राहिला तर मोहोरही मागे घेता येते, एवढे त्यातून दिसले.

दुसरा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे. गरिबाला वीज नको का? हवी, नक्की हवी. देशाची बहुतेक वीज आजही कोळशावर होते आणि चालू खाणी उद्या सकाळी बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण कोळशाने गरिबी जात असती तर सिंगरौली आज सर्वांत सुखी जिल्हा असता. देशातले सर्वांत मोठे औष्णिक वीजकेंद्र, विंध्याचल, 4,760 मेगावॅटचे, तिथेच आहे. रिहंद धरणाने उठवलेली कित्येक कुटुंबे पुढे खाणींसाठी आणि वीजकेंद्रांसाठी पुन्हा उठवली गेली. दिवा आपल्या घरी लागला आणि राख त्यांच्या अंगणात पडली.

रीवा जिल्ह्यात 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. 2017 च्या बोलीत त्याचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे ठरला. सूर्य रात्री मावळतो हे खरे, पण रात्रीसाठी वीज साठवायची की जंगल खोदायचे, हे माणसेच निवडतात.

आणि या गोष्टीत आणखी एक नाबोथ आहे, तो अजून जन्मालाही आलेला नाही. एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या एका खाणीपोटी दरवर्षी जवळजवळ एक कोटी टन. श्रीमंत देशांनी हवा आधी बिघडवली, हे आपण जगाला सांगतो आणि ते खरेच आहे. पण अमेरिका-युरोपकडे जो न्याय मागतो, तो सिंगरौलीच्या आदिवासीला आणि आपल्या नातवंडांना द्यायला नको का? 2070 पर्यंतचे वचन 2021 मध्ये ग्लासगोला देऊन आलो, आणि इथे नवी खाण उघडतो. वचन देणे सोपे आहे. पाळायचे कोणी, हा प्रश्न आपण पुढच्या पिढीवर ढकलतो.

भोपाळने तरी हे ओळखायला हवे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री आधीच्या इशाऱ्यांकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत झोपडपट्टीने मोजली. त्या कारखान्याचा 337 टन विषारी कचरा हलवून जाळायला 2025 उजाडले. फायदा आधी उचलला जातो आणि बिल नंतर, दुसऱ्याच्याच दारात येते.

जून 2024 मध्ये शिवाजीनगर आणि तुळशीनगरची सुमारे 29,000 झाडे तोडण्याचा बेत भोपाळकरांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला. झाडे वाचली, देवाचे आभार. पण ती आपल्या खिडकीसमोरची होती. सिंगरौलीची झाडे रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटर लांब आहेत, म्हणून आपण गप्प आहोत का? वनजमिनीचे प्रस्ताव तर याच शहरातून पुढे सरकतात.

नाबोथाच्या गोष्टीत आपण नेहमी अहाब आणि ईजबेलेला दोष देतो. मला भीती वाटते ती इज्रेलच्या वडीलजनांची. ते नाबोथाचे शेजारी होते आणि त्याला ओळखत होते. पत्र आले, त्यांनी ते वाचले आणि सांगितले तसे केले. हे खरे आहे का, एवढे विचारणारा एकही त्यांच्यात निघाला नाही. एलीया आला तोवर नाबोथ मेला होता.

आपल्या मंडळीने वेळ असतानाच विचारावे. येत्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत सिंगरौलीचे नाव घ्या. मंडळीच्या समितीने ठराव करून राज्य सरकारला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला पत्र पाठवावे: ग्रामसभेच्या खऱ्या संमतीशिवाय एकही झाड पडू नये, आणि जंगलात नवी कोळसा खाण उघडू नये. पत्राखाली सह्या आपल्या असाव्यात, जिवंत माणसांच्या.

प्रार्थना: हे प्रभू, पृथ्वी तुझी आहे आणि आम्ही तिचे राखणदार आहोत. नाबोथाचे रक्त तू विसरला नाहीस. आमच्या मौनाचाही हिशेब तुझ्याकडे आहे. उशीर होण्याआधी आम्हांला बोलण्याचे धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.