रिमोटची गाडी: ब्रशची मोटर की बिनब्रशची?

मूल दहाबारा वर्षांचे झाले, की पेन्सिल सेलवर चालणारी खेळण्यातली गाडी त्याला पुरेनाशी होते. मग हट्ट सुरू होतो तो 'हॉबी'च्या गाडीचा. ही गाडी मातीतून धुरळा उडवत पळते, तिचे सुटे भाग मिळतात आणि बिघडली तर ती घरी उघडून दुरुस्तही करता येते. आईवडील दुकानात जातात, तेव्हा दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, ''ब्रश्ड दाखवू की ब्रशलेस?'' दोन्ही गाड्या दिसायला सारख्याच, किमतीत मात्र बराच फरक. अशा वेळी 'महाग तेच चांगले' असे समजून पैसे मोजणे किंवा केवळ स्वस्त म्हणून घेऊन टाकणे, दोन्ही चुकीचे ठरू शकते.

फरक कशात?

घरातला जुना मिक्सर अडखळू लागला, आत ठिणग्या दिसू लागल्या, की कारागीर म्हणतो, ''कार्बन गेले.'' हे कार्बन म्हणजेच ब्रश. गाडीच्या ब्रश्ड मोटरमध्ये बाहेरच्या डब्याला आतून चुंबक बसवलेले असतात आणि तारेची गुंडाळी मधल्या दांड्यावर फिरते. फिरत्या गुंडाळीला वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन तुकडे कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या कड्यावर सतत घासत राहतात. त्यातूनच विजेची दिशा योग्य वेळी बदलते आणि मोटर फिरत राहते. रचना सोपी आणि स्वस्त, पण घर्षण आले म्हणजे झीज, उष्णता आणि ठिणग्याही आल्या.

ब्रशलेस मोटरमध्ये मांडणी उलटी असते. गुंडाळ्या जागच्या जागी स्थिर असतात आणि चुंबक फिरतो. विजेची दिशा बदलण्याचे काम एक इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. घासणारे काही नसल्याने तेवढ्याच विजेत जास्त काम होते. हल्ली घरोघरी दिसणारे बीएलडीसी पंखे याच जातीच्या मोटरवर फिरतात.

पहिली गाडी कोणती?

शिकाऊ मुलासाठी ब्रशची मोटर बहुधा पुरेशी असते. तिचा वेग आवाक्यातला असतो, त्यामुळे मूल आधी वळण घेणे, वेग कमी करणे आणि गाडी हाताबाहेर जाऊ न देणे शिकते. मोटर जळालीच तर नवी फार महाग पडत नाही. १९८४ साली आलेली जपानच्या तामिया कंपनीची 'हॉर्नेट' ब्रशच्या मोटरवरच धावत असे. अशाच गाड्या जोडताजोडता अनेक देशांतल्या मुलांना या छंदाची गोडी लागली.

दगडधोंड्यांवरून गोगलगायीच्या गतीने चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांनाही ब्रशची मोटर मानवते. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी कमी वेगात धक्के खात चालते. सेन्सरवाली मोटर ही अडचण दूर करते, पण तिची किंमत आणखी वाढते.

ब्रशच्या मोटरची निगा मात्र राखावी लागते. नवी असताना ती थोडा वेळ कमी वेगाने फिरू द्यावी, म्हणजे ब्रश कम्युटेटरवर नीट बसतात. धूळ साफ करावी. गाडी मंदावली, जास्त तापू लागली, तर ब्रश झिजले असे समजावे. बऱ्याच स्वस्त मोटरी बंद डब्याच्या असतात. त्यांचे ब्रश बदलता येत नाहीत, मोटरच बदलावी लागते.

ब्रशलेस कधी घ्यावी?

मूल वर्षभर गाडी चालवून तरबेज झाले असेल, जवळ मोकळे मैदान असेल आणि छंद टिकेल अशी खात्री वाटत असेल, तर ब्रशलेससाठी जादा पैसे मोजायला हरकत नाही. बेअरिंगकडे लक्ष दिले की तिला फारशी देखभाल लागत नाही. हात आवरून चालवली तर त्याच बॅटरीत ती जास्त वेळ पळते. पूर्ण वेगाने दामटली, तर मात्र बॅटरी झपाट्याने संपते.

इथे एक धोका ध्यानात घ्यायला हवा. ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठणाऱ्या ब्रशलेस गाड्या बाजारात आहेत. दोनअडीच किलोची अशी गाडी एखाद्या लहान मुलाच्या पायावर आदळली, तर गंभीर इजा होऊ शकते. सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावर ती चालवू देऊ नये. काही गाड्यांत वेग निम्म्यावर आणणारी शिकाऊ सोय असते, ती जरूर विचारून घ्यावी.

नुसती मोटर बदलून भागत नाही

'आता साधी घ्या, पुढे ब्रशलेस मोटर टाकू' हा सल्ला अर्धाच खरा आहे. ब्रशच्या मोटरला दोन तारा असतात, ब्रशलेसला तीन. त्यामुळे वेग नियंत्रित करणारा ईएससी नावाचा भागही सहसा बदलावा लागतो. वाढलेली ताकद प्लॅस्टिकच्या गिअरना झेपली नाही, तर त्यांचे दात उडतात. म्हणून मोटर, ईएससी, बॅटरी आणि गिअर या चारही गोष्टींचा एकत्र हिशेब मांडावा.

मोटरवरचे आकडेही समजून घ्यावेत. ब्रशच्या मोटरवर 'टर्न' म्हणजे तारेच्या वेढ्यांची संख्या दिलेली असते. वेढे कमी, तेवढा वेग जास्त. ब्रशलेसवर 'केव्ही' लिहितात. त्याचा अर्थ भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेईल. आकडा मोठा म्हणजे मोटर चांगली, असे मात्र नाही. जड गाडीला मोठ्या केव्हीची मोटर जोडली, तर ती लवकर तापते.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको

ब्रशलेस गाड्यांत बहुधा लिथियम पॉलिमर बॅटरी असते. ती ताकदवान, पण नाजूकही. चुकीच्या चार्जरवर लावली किंवा आदळून फुगली, तर पेट घेऊ शकते. तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा. चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर करावे. गादीवर किंवा रात्री झोपताना कधीही नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पहिल्या गाडीसाठी निकेल मेटल हायड्राइड बॅटरी अधिक सोशिक ठरते.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एवढे विचारावे: मोटर, गिअर आणि टायर सुटे मिळतात का? किमतीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत का? गाडीत पाणी गेले तर ईएससी टिकेल का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर दुसरे दुकान गाठावे.

ब्रशलेसपोटी वाचलेले पैसे जादा बॅटरी, चांगला चार्जर आणि चारदोन सुट्या भागांवर खर्च केले, तर साधी गाडीसुद्धा वर्षानुवर्षे आनंद देते. शिवाय ती उघडून ब्रश का झिजला, हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर विज्ञानाच्या पुस्तकातला मोटरचा धडा त्याला वेगळा पाठ करावा लागणार नाही.