आड आधी आटतो : मासळीचा साठा मोजताना

हिवरे बाजारचे कौतुक सगळेच करतात, आम्हीही करतो. नगर तालुक्यातले हे पर्जन्यछायेतले गाव दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजले जाते. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, मग उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचे ते ठरते. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. पोपटराव पवारांच्या नावासोबत हे सगळे देशभर सांगितले जाते. आम्हाला मात्र यातली बोअरवेलची अट सर्वांत मोलाची वाटते, आणि समुद्रातल्या मासळीबद्दल बोलायचे तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

भूजल डोळ्यांना दिसत नाही. पातळी खाली जाऊ लागली की उथळ आड आधी आटतो. खोल बोअर चालूच राहते, म्हणून बोअरवाल्याला शेवटपर्यंत वाटते की पाणी भरपूर आहे. आड कोणाच्या वस्तीत असतो आणि बोअर कोणाच्या शेतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

मासळीचा साठाही असाच न दिसणारा. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्याचा अंदाज काढते. तिची माणसे बंदरांवर नमुन्यादाखल बोटी निवडतात. मासेमारी किती वेळ चालली, कोणती मासळी किती आली, तिची लांबी किती, हे नोंदवतात. त्यावरून भर किती पडते आणि उपसा किती होतो याचे गणित मांडले जाते. २०२२ सालच्या स्थितीवरील अहवालात तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचे म्हटले आहे. आम्ही या आकड्याला खोटे म्हणत नाही. शास्त्र झिडकारणे हे बाबासाहेबांच्या वाटेने चालणाऱ्यांचे काम नव्हे. पण सरासरीत कोणाचे जाळे मोजले गेले आणि कोणाचे शब्द ‘तक्रार’ म्हणून बाजूला पडले, हे विचारणे आमचे कामच आहे.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे उदाहरण घ्या. तिथल्या कॉड माशाच्या मोजणीत मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला फार वजन दिले गेले. ट्रॉलर यंत्राने मासळीचा थवा शोधतो आणि नेमका तिथेच जातो, म्हणून साठा घटत असतानाही त्याचे जाळे भरत राहते. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार १९८०च्या दशकात सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांचे ऐकेपर्यंत उशीर झाला. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. ती बंदी उठायला २०२४ उजाडले. इथे ट्रॉलर म्हणजे बोअर आणि किनाऱ्यावरची होडी म्हणजे आड.

आपल्याकडे सातपाटीचे मच्छीमार पापलेट घटल्याचे वर्षानुवर्षे सांगत आहेत. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा घोषित केले, त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. नियम चांगला आहे. मात्र त्याची अंमलबजावणी ट्रॉलरमालकाऐवजी टोपली घेऊन बसलेल्या बाईपासून सुरू झाली, तर तो नियम कोणासाठी केला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट टनांच्या हिशेबात दिसत नाही. नगरच्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील घेणारा माणूस मजूर असतो, दलित-बहुजन असतो. त्याचे ते स्वस्तातले पोषण आहे. तीच लहान मासळी कुटी करून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात गेली, तरी साठ्याच्या गणितात फरक पडत नाही. ताटात पडतो. (मासळीच्या वासाला नाक मुरडून घर नाकारणाऱ्यांना हा मुद्दा कळेल, अशी आमची अपेक्षा नाही.) महाडला १९२७ साली तळ्यात पाणी होतेच, भांडण हक्काचे होते.

म्हणूनच हिवरे बाजारचे मॉडेलही आम्ही डोळे झाकून घेत नाही. मोजून वाटलेले शेतीचे पाणी अखेर जमिनीलाच मिळते, ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला मजुरी येते. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात नायगावला वेगळे तत्त्व धरले होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवला.

समुद्राला या दोन्ही गोष्टी हव्यात, मोजणीही आणि वाटाही. हे जमत नाही असे नाही. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्या काढणारे मच्छीमार, संशोधक आणि निर्यातदार एकत्र बसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद असते, जाळ्याच्या आसाला मर्यादा आहे. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, तो मान मिळवणारी ती भारतातली पहिली.

आमची मागणी साधी आहे. पावसाळी बंदी संपून होड्या पाण्यात जाण्याआधी प्रत्येक बंदराचे गेल्या हंगामाचे आकडे मराठीत त्या बंदरावरच लावा. त्यात छोट्या होडीची पकड वेगळी दाखवा, खाडीत कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायांचीही नोंद घ्या. मग ग्रामसभा बोलवा आणि ट्रॉलरमालकाला शेवटी बोलू द्या.